नेली कर्शॉ : फुफ्फुसातली धूळ आणि यादीत नसलेला आजार

२२ जुलै १९२२ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी डॉ. वॉल्टर स्कॉट जॉस यांनी नेली कर्शॉ या कामगार बाईला कामावर जाण्यास असमर्थ असल्याचं सर्टिफिकेट लिहून दिलं. तिशी नुकतीच ओलांडलेली ही बाई टर्नर ब्रदर्स कंपनीच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. दोन वर्षांपासून तिला धाप लागत होती, तरी ती कामावर जात होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहिलं : ॲस्बेस्टॉसची विषबाधा. या कागदावर तिला शेवटपर्यंत एक पैसाही मिळाला नाही, आणि १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, ती गेली.

व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण एका ओळीत उरकतात : वैद्यकीय नियतकालिकात वर्णन झालेलं ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या फुफ्फुसरोगाचं पहिलं प्रकरण. मला ते सविस्तर मांडावंसं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. नेलीच्या फुफ्फुसात काय झालं होतं हे तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत छापून आलं. पण ती जिवंत असताना विमा, कंपनी आणि कायदा यांनी तिला जी उत्तरं दिली, ती आजही आपल्याकडच्या कामगारांना जवळपास तशीच मिळतात. म्हणून या प्रकरणातला रोग जितका बघायचा, तितकेच त्यातले कागदही बघायचे.

कामाची हिस्टरी

नेली १९०३ साली, बारा वर्षांची असताना, शाळा सोडून कापसाच्या गिरणीत लागली. पाच महिन्यांत ती गार्साइड नावाच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत गेली आणि ३१ डिसेंबर १९१७ पासून टर्नर ब्रदर्समध्ये. म्हणजे १९२२ साली काम सुटलं तेव्हा ॲस्बेस्टॉसच्या धुळीत तिची सुमारे एकोणीस वर्षं गेली होती, आणि त्यातली पहिली काही वर्षं तर फुफ्फुसांची वाढही पूर्ण झालेली नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या घरातलं कुणी होतं, त्यांना तिचं काम वेगळं समजावून सांगायला नको. दगडातून काढलेला ॲस्बेस्टॉस आधी फोडून मोकळा करायचा, मग कापसासारखाच कार्डिंग मशीनवर पिंजायचा, त्याचा पेळू करायचा, त्यातून रोविंग, म्हणजे सूत कातण्याआधीची सैलसर वात, आणि मग सूत. नेली रोविंगवर होती. यंत्रं कापसाच्या गिरणीतल्यासारखीच आणि खातीही तीच. फरक मालात होता. ॲस्बेस्टॉस हा खनिज पदार्थ आहे, तो पिंजला की उभा चिरत जातो आणि एका तंतूचे असंख्य बारीक तंतू होतात. यातले अगदी बारीक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

हा धोका त्या काळी कुणालाच माहीत नव्हता, असं म्हणायला जागा नाही. लूसी डीन या ब्रिटिश कारखाना निरीक्षक बाईंनी १८९८च्या सरकारी अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल इशारा दिला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ही धूळ काचेसारखी अणकुचीदार दिसते आणि ती हवेत साचून राहिली तिथे कामगारांच्या प्रकृतीवर परिणाम झालेले आढळतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. १८९९ साली लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलात डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे ३३ वर्षांचा एक कामगार आला. कार्डिंग खात्यात आपल्याबरोबर काम केलेल्या दहा जणांपैकी मीच तेवढा उरलोय, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. पुढच्या वर्षी तोही गेला. १९०६ साली कोणते आजार भरपाईच्या यादीत घालायचे हे ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे डॉ. मरे यांनी हे प्रकरण सांगितलं. समितीने ऐकून घेतलं. यादी निघाली, त्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा आजार नव्हता.

नेलीचं भवितव्य त्या यादीने ठरवलं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि गिरणीत कामाला होती.

तीन दारं

सर्टिफिकेट घेऊन ती आधी विम्याकडे गेली. इंग्लंडमध्ये तेव्हा राष्ट्रीय आरोग्य विमा होता आणि त्याचा आजारपणाचा भत्ता स्थानिक मान्यताप्राप्त सोसायट्यांमार्फत मिळायचा. सोसायटीने सर्टिफिकेट वाचलं आणि नकार दिला. हा आजार कामामुळे झाला आहे असं डॉक्टरांनीच लिहिलंय, तेव्हा भत्ता आमच्याकडे नाही, कामगार भरपाई कायद्याखाली कंपनीकडे मागा.

ती कंपनीकडे गेली. कंपनीने आपल्या विमा कंपनीला कळवलं की ॲस्बेस्टॉसची विषबाधा हा शब्दप्रयोगच आम्हाला मान्य नाही. ॲस्बेस्टॉस विषारी नाही, असा कुठला आजार माहीत नाही आणि भरपाई कायद्याच्या यादीत तो नाही. जबाबदारी घेतली तर ते फार धोक्याचं ठरेल, हेही कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे.

तिसरं दार कायद्याचं. कायदा यादीवर चालत होता.

यात प्रत्येक जण आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर होता, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. विम्याच्या दृष्टीने आजार कामामुळे झालेला होता, म्हणून पैसे नाहीत. कंपनीच्या दृष्टीने असा आजारच नव्हता, म्हणून पैसे नाहीत. डॉक्टरांनी खरं निदान लिहिलं, त्यामुळे बाईला साधा आजारपणाचा भत्ताही मिळाला नाही. त्यांनी नुसतं ‘छातीचा विकार’ लिहिलं असतं तर कदाचित चार पैसे मिळाले असते.

नेलीने कंपनीला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. माझ्या प्रकरणाचं तुम्ही काय करणार, असं ती विचारते. नऊ आठवडे घरी बसून आहे, एक पेनीही मिळालेली नाही, आरोग्य विमा काही द्यायला तयार नाही. मला धड खायला मिळायला हवं, पैसे हवेत, आणि यात माझी काहीच चूक नाही. इतकंच ते पत्र. बारा वर्षांची असताना शाळा सुटलेल्या बाईने इतक्या थोडक्यात आपली बाजू मांडली आणि तिला उत्तर म्हणून काहीच हाती लागलं नाही. नवरा, एक मूल, आणि घरात तिच्या पगाराची जागा रिकामी.

ती गेल्यावर अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावायलाही कंपनीने नकार दिला. कारण दिलं ते असं : त्यामुळे पायंडा पडेल आणि जबाबदारी मान्य केल्यासारखं होईल. तिला रॉचडेलच्या दफनभूमीत बिननावाच्या थडग्यात पुरलं.

शवविच्छेदन

मृत्यूची चौकशी झाली. तिथे डॉ. जॉस यांनी सांगितलं की असे दहा-बारा रोगी दरवर्षी माझ्याकडे येतात आणि ते सगळे ॲस्बेस्टॉसच्या कामातले असतात. एका गावातला एक डॉक्टर हे सांगत होता. कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, चौकशी तहकूब केली आणि फुफ्फुसं तपासायला डॉ. विल्यम एडमंड कुक या पॅथॉलॉजिस्टकडे दिली.

कुक यांचं काम इथे नीट बघण्यासारखं आहे, कारण निदान चुकवण्याची सोय त्यांच्यासमोर आयतीच होती. नेलीच्या फुफ्फुसात क्षयाच्या जुन्या, बऱ्या झालेल्या खुणाही होत्या. तो काळ क्षयाचा. गिरणीतली गरीब बाई, खोकला, वजन उतरलेलं, फुफ्फुसात क्षयाचे व्रण : ‘क्षयाने मृत्यू’ लिहून फाईल बंद करता आली असती, आणि कंपनीलाही तेच सोयीचं होतं. कुक यांनी तसं केलं नाही. फुफ्फुसाच्या जाड झालेल्या, वणासारख्या भागात त्यांना खनिजाचे कण दिसले. त्यांनी ते ॲस्बेस्टॉसच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. मग शपथेवर सांगितलं की हे कण ॲस्बेस्टॉसचेच आहेत आणि फुफ्फुसं आवळली जाण्याचं व मृत्यूचं मूळ कारण तेच आहे, यात वाजवी शंकेला जागा नाही. २ एप्रिल १९२४च्या दाखल्यावर खनिज कण श्वासावाटे गेल्याने फुफ्फुसांना फायब्रोसिस झाल्याची, म्हणजे ती वण धरून कडक झाल्याची, नोंद झाली. २६ जुलैच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कुक यांचा लेख आला. १९२७ साली त्यांनीच या आजाराला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिलं.

शरीरात नेमकं काय घडतं ते सांगतो. वायुकोशात शिरलेला कण गिळून टाकणं हे तिथल्या पेशींचं काम. ॲस्बेस्टॉसचा तंतू लांब असतो, बऱ्याचदा पेशीपेक्षाही लांब. पेशी त्याला अर्धवट गिळते, पचवू शकत नाही, फुटते, आणि तिच्यातली दाहक रसायनं आजूबाजूला पसरतात. तंतू तिथेच राहतो. दुसरी पेशी येते, तिचंही तेच होतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्या जागी हळूहळू कडक, वणासारखी ऊती तयार होते. काही तंतूंभोवती शरीर लोहयुक्त प्रथिनाचा थर चढवतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते दोन्ही टोकांना फुगीर अशा सोनेरी-तपकिरी काड्यांसारखे दिसतात, आणि ते दिसले की ॲस्बेस्टॉस श्वासात गेला होता हे नक्की होतं. फुफ्फुस ताठ होतं, फुगत नाही, प्राणवायू रक्तात नीट जात नाही. रोग्याला आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी. काम सोडलं तरी आजार पुढे सरकत राहू शकतो, कारण धूळ आत आहे. झालेला वण परत मऊ करणारं औषध आजही नाही.

कायदा आला, पण कुणासाठी

नेलीच्या प्रकरणानंतर आणि अशाच आणखी नोंदींनंतर ब्रिटिश सरकारने डॉ. एडवर्ड मेरेवेदर यांना आणि धुळीच्या अभियांत्रिकी बाजूसाठी चार्ल्स प्राइस यांना पाहणी करायला सांगितलं. १९३० साली त्यांचा अहवाल आला. ३६३ कामगार तपासले, त्यातल्या ९५ जणांच्या फुफ्फुसात फायब्रोसिस होता, म्हणजे दर चारांत एकाहून जास्त. वीस वर्षांवर काम केलेल्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. १९३१ साली नियम झाले, १ मार्च १९३२ पासून ते लागू झाले : धूळ उडते त्या जागीच ती खेचून घ्यायची, कामगारांची तपासणी करायची, भरपाई द्यायची.

पण यातही यादी होती. हे नियम ॲस्बेस्टॉसच्या ठराविक कारखाना-प्रक्रियांना लागू होते. त्या यादीबाहेर जे लोक ॲस्बेस्टॉस हाताळत होते, बॉयलरवर लेप देणारे, जहाजबांधणीत पाइपांना गुंडाळणारे, ते या संरक्षणाबाहेर राहिले. पुढच्या काळात ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसने मेलेल्यांत अशा कामगारांची संख्या मोठी आहे.

शिवाय १९३१ साली माहीत होता तो एकच आजार. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी टर्नर कंपनीच्या याच रॉचडेलच्या कारखान्यातल्या, निदान वीस वर्षं धुळीत काम केलेल्या ११३ पुरुषांचा अभ्यास छापला. सर्वसामान्य प्रमाण धरलं तर त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने एकही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता (हिशेबाने ०.८), प्रत्यक्षात ११ झाले. हा अभ्यास छापू नये म्हणून कंपनीने प्रयत्न केले होते. तरीही तो छापला गेला. १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्बेस्टॉस खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे ३३ रोगी नोंदवले. हा फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. तो एरवी अतिशय दुर्मीळ, आणि धुळीशी संपर्क आल्यापासून तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. यातले सगळे रोगी खाणीत उतरलेले नव्हते, काही नुसते त्या भागात लहानाचे मोठे झालेले होते. १९६५ साली लंडनमधल्या अभ्यासात न्यूहाउस आणि थॉमसन यांना घरी नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका आणि कारखान्याच्या अर्ध्या मैलाच्या आत राहणारी माणसं या आजारात सापडली. कपडे झटकताना उडणारी धूळ तेवढ्याला पुरली होती.

रॉचडेलच्या गिरणीत मुख्यतः पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, वापरत होते. पांढरा ॲस्बेस्टॉस सुरक्षित आहे, वाईट तो निळा आणि तपकिरी, असा युक्तिवाद आपल्याकडे अजून केला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत, पांढरा त्यातच आहे. ब्रिटनने निळा आणि तपकिरी १९८५ साली बंद केला, पांढरा १९९९ साली.

घाटकोपर

१९२० साली टर्नर ब्रदर्स आणि इतर कंपन्या मिळून टर्नर अँड न्यूऑल ही मोठी कंपनी झाली. ब्रेकचे लायनर बनवणारी फेरोडो तिच्यात आली. पुढे याच समूहाची भारतीय कंपनी हिंदुस्तान फेरोडो मुंबईत घाटकोपरला ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनर आणि क्लच फेसिंग काढू लागली. नेलीच्या अंत्यविधीला पैसे नाकारणाऱ्या कंपनीचा हात असा घाटकोपरच्या कामगारांपर्यंत पोचला. नंतर इंग्रजी मालकी गेली आणि कंपनीचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं.

लायनरच्या कामात धूळ कुठे होते हे त्या कामातले लोक बरोबर सांगतात. ॲस्बेस्टॉस, राळ आणि इतर पूड यांचं मिश्रण करताना, आणि नंतर दाबून, भाजून तयार झालेला तुकडा ग्राइंडरवर घासताना व रिव्हेटसाठी ड्रिल मारताना. यातल्या शेवटच्या दोन कामांत माल घट्ट झालेला असतो, म्हणून ‘आता काय, पक्का झालाय’ असं वाटतं, आणि तिथेच बारीक धूळ सर्वांत जवळून नाकात जाते. पुढे हाच लायनर गॅरेजमध्ये गेला की झिजलेला ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करणारा मेकॅनिक त्याची धूळ घेतो. त्याची नोंद तर कुठल्याच कारखान्याच्या मस्टरवर नसते.

२००५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कंपोझिट कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे दोघे मुंबईतल्या व्यावसायिक आरोग्य आणि सुरक्षा केंद्राशी संबंधित. १८१ कामगार तपासले, कामाची हिस्टरी, छातीची तपासणी, एक्स-रे, श्वासाची चाचणी असं सगळं करून. सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. मेरेवेदर यांच्या १९३०च्या पाहणीतला आकडा २६ टक्के होता, त्याच्या शेजारी हा ठेवून बघा. मध्ये पंच्याहत्तर वर्षं गेली आहेत. याच लेखात त्यांनी लिहिलं की भारतात अंदाजे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेले तीससुद्धा नाहीत.

तीससुद्धा नाहीत, याचं कारण कायद्याचा अभाव हे मुळीच नाही. नेलीच्या वेळी आजार यादीत नव्हता. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसिस कारखाने कायद्याच्या यादीत होता, कामगार भरपाई कायद्याच्या यादीत होता, ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, यादीतही होता, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये या कायद्यांची जागा घेतलेल्या कामगार संहितांच्या याद्यांतही तो आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, त्यात कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद काम सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, जे नंतर संपेल तोवर, जपायची. कामगारांचा विमा काढायचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या तपासणीत आजार निघाला तर एक लाख रुपये द्यायचे. इतकं स्पष्ट.

अडतं ते सर्टिफिकेटपाशी. रॉचडेलमध्ये डॉक्टरने आजाराचं कारण लिहिलं आणि व्यवस्थेने ते नाकारलं. आपल्याकडे बहुतेकदा डॉक्टर ते लिहितच नाही. खोकला, धाप, वजन कमी, छातीच्या फोटोत डाग : टीबीची औषधं सुरू होतात. थुंकीत जंतू नाहीत तरी सुरू होतात, सहा महिन्यांत फरक पडत नाही, मग दुसरा कोर्स. मधल्या काळात रोग्याला ‘पूर्वी काय काम करत होता’ हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. विचारला तरी कागदावर ‘रिटायर्ड’ एवढंच येतं. कुक यांच्यासमोर क्षयाच्या खुणा खऱ्याच होत्या, तरी त्यांनी पुढे बघितलं. आपल्या ओपीडीत तितका वेळ नसतो हे मला मान्य आहे. पण त्या एका प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो.

आणि आजार उगवतो तेव्हा माणूस कारखान्यात नसतोच. व्हीआरएस घेऊन किंवा कारखाना बंद पडून तो सिंधुदुर्गात, साताऱ्यात, नाही तर उत्तर प्रदेशात गावी गेलेला असतो. ईएसआयचं कार्ड कधीच बंद झालेलं. गावातल्या डॉक्टरने ॲस्बेस्टॉसिसचा रोगी उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. कंत्राटी कामगाराकडे तर त्या कारखान्यात आपण होतो याचाच पुरावा नसतो. नेलीला दार ठोठावायला निदान तीन ठिकाणं माहीत होती.

भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं १९८६ सालीच थांबवलं, पण परदेशातून पांढरा ॲस्बेस्टॉस आणून सिमेंटचे पत्रे काढणं चालू आहे. पत्रा शाबूत असेपर्यंत त्याची धूळ फारशी सुटत नाही. तो करवतीने किंवा ग्राइंडरने कापताना, भोकं पाडताना, जुना झाल्यावर फोडून ट्रकमध्ये फेकताना सुटते, आणि हे काम करणारे बिगारी तोंडाला फार तर रुमाल बांधतात. हे तंतू रुमालातून आरपार जातात. पत्रे बदलायचेच असतील तर ते पाण्याने भिजवून, स्क्रू काढून, अखंड उतरवावेत.

ज्यांना आज उपयोग आहे त्यांच्यासाठी

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात, लायनरच्या कामात, वीज केंद्राच्या बॉयलरवर, जहाज तोडण्यावर ज्यांनी काही वर्षं काढली आहेत, त्यांनी नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, गेटपास, पीएफचा नंबर, ईएसआयचं जुनं कार्ड फेकू नये. कोणत्या खात्यात, कुठल्या मशीनवर, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, हे एका कागदावर स्वतः लिहून ठेवावं, आणि जमल्यास बरोबरच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. छातीच्या जुन्या एक्स-रेची फिल्म रद्दीत देऊ नये. वीस वर्षांपूर्वीची फिल्म आजच्या शेजारी ठेवली की आजाराची वाटचाल दिसते, आणि भरपाईच्या दाव्यात तिचं वजन मोठं असतं. बिडी-सिगरेट सोडणं हे या लोकांच्या बाबतीत औषधाइतकं महत्त्वाचं आहे. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, दोन्हींचे धोके जवळपास गुणले जातात.

डॉक्टरांसाठी : दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, श्वास पूर्ण आत घेताना शेवटी, वेल्क्रोची चिकटपट्टी उलगडताना होतो तसा बारीक चरचर आवाज आला, आणि थुंकीत टीबी सापडत नसेल, तर कामाची हिस्टरी घ्या. एक्स-रेत फुफ्फुसाच्या आवरणावर किंवा छाती-पोटामधल्या पडद्यावर चुन्यासारखे पट्टे दिसले, तर नक्कीच घ्या. छातीत एकाच बाजूला परत परत पाणी भरत असेल आणि माणूस तीस-चाळीस वर्षांपूर्वी या कामात असेल, तर पाणी काढून सोडून देऊ नका, मेसोथेलिओमाच्या दिशेने तपासणी करा. निदान झालं की ते नाव केसपेपरवर पूर्ण लिहा आणि कामाशी असलेला त्याचा संबंधही लिहा. कारखाने कायद्याच्या ८९व्या कलमाप्रमाणे अशा रोग्यावर उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचं असे : रोग्याचं नाव आणि पत्ता, आजार, आणि तो कोणत्या कारखान्यात काम करतो किंवा शेवटी करत होता. नोव्हेंबर २०२५मध्ये त्या कायद्याची जागा घेतलेल्या कामगार संहितेतही ही जबाबदारी डॉक्टरवर ठेवली आहे. या पत्राला रोग्याच्या परवानगीची किंवा कंपनीच्या संमतीची अट नाही. महाराष्ट्रात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातं. त्याची पोच घ्या आणि एक प्रत रोग्याच्या हातात द्या.